बर्फावर जाण्याआधी फॉर्म खरा भरा

डिसेंबर जवळ आला की माझ्या ओपीडीत एक वेगळ्या प्रकारचा रुग्ण दिसायला लागतो. त्याला काहीही झालेले नसते. हातात पासपोर्टची झेरॉक्स असते आणि त्याला ‘फिटनेस सर्टिफिकेट’ हवे असते. आधी ही मंडळी अमरनाथ आणि चारधामसाठी यायची, आजही येतात. अलीकडे त्यात जपानची भर पडली आहे. मुलगा पुण्याला नाहीतर टोकियोला, मुलगी अमेरिकेत, आणि सगळ्यांनी मिळून ठरवलेले असते की जानेवारीत होक्काइडोला भेटायचे, बर्फ बघायचा आणि जमले तर स्कीइंगही करायचे. तिकिटे चार महिन्यांपूर्वी काढलेली असतात. हॉटेलचे फोटो मोबाईलमध्ये असतात. माझ्याकडे मात्र दोन दिवस आधी येतात: “डॉक्टरसाहेब, परवा निघून राहिलो, एक सर्टिफिकेट देऊन द्या ना.”

तसे पाहिले तर वर्ध्याला जपान परके नाही. फुजी गुरुजी १९३३ साली गांधीजींना भेटायला वर्ध्यालाच आले होते, आणि गीताई मंदिराजवळचा विश्वशांती स्तूप आपण रोज पाहतो. पण मे महिन्यात ४५ अंश सोसणारे आपण, समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटरवर राहणारे, आणि आयुष्यात पहिल्यांदा पायाला दोन लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावर उभे राहणार. त्यासाठी माझ्या सहीचा कागद काही कामाचा नाही. दोन मिनिटांत बीपी बघून दिलेल्या सर्टिफिकेटने गुडघा वाचत नाही आणि हार्ट अटॅकही टळत नाही. आम्ही डॉक्टर लोक तो कागद इतक्या सहज देतो, हीच मुळात चुकीची पद्धत आहे असे माझे मत आहे.

मग कामाचे काय? या प्रवासात तुम्हाला तीन-चार ठिकाणी फॉर्म भरावे लागतात. स्की भाड्याने घेताना, विमा काढताना, शिकवणाऱ्याकडे नाव नोंदवताना आणि जपानच्या कस्टमला. त्या प्रत्येक ठिकाणी वय, वजन, आजार आणि औषधे खरी लिहिणे, यावर तुमची सुरक्षितता सर्वात जास्त अवलंबून असते. आणि नेमके तिथेच आपले लोक खोटे लिहितात. वाईट हेतूने नाही. संकोचाने, हौसेने, किंवा “कशाले उगाच सांगायचे” म्हणून.

स्की भाड्याने देणाऱ्या दुकानापासून सुरुवात करतो, कारण ही गोष्ट फारच कमी लोकांना ठाऊक असते. तिथे एक फॉर्म देतात. वय, उंची, वजन आणि तुम्हाला स्कीइंग कितपत येते ते विचारतात. आपल्याला वाटते ही नुसती नोंद. तसे नसते. बूट आणि स्की यांना जोडणारा एक खटका असतो, त्याला बाइंडिंग म्हणतात. तुम्ही पडलात आणि पाय मुरगळू लागला की ठरावीक जोरानंतर तो खटका सुटतो आणि स्की पायापासून वेगळी होते. तो किती जोराला सुटावा, याचा आकडा याच माहितीवरून आणि बुटाच्या लांबीवरून काढतात. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचा खटका मुद्दाम थोडा सैल लावतात, कारण हाडे आणि लिगामेंट तरुणासारखी राहिलेली नसतात. आता ५७ वर्षांच्या माणसाने सुनेसमोर ४८ लिहिले, किंवा पहिल्यांदाच जात असून “थोडेफार येते” यावर खूण केली, तर खटका घट्ट लागतो. पडल्यावर स्की सुटत नाही, आणि लांब पट्टीचा सगळा पीळ नडगीवर आणि गुडघ्यावर येतो. वजन कमी सांगितले तर उलटे होते. खटका सैल राहतो आणि उतारावर मध्येच स्की निघून जाते. म्हणून निघण्याआधी घरी वजनकाट्यावर उभे राहा आणि तो आकडा लिहून न्या. आपल्याकडे पन्नाशीतल्या बहुतेकांना स्वतःचे आजचे वजन माहीत नसते. लग्नातले माहीत असते.

खटका बरोबर लावला तरी गुडघा पूर्ण सुरक्षित नसतो, हेही सांगायला हवे. या बाइंडिंगमुळे नडगीचे फ्रॅक्चर पुष्कळ कमी झाले, पण गुडघ्याच्या लिगामेंटच्या दुखापती त्या प्रमाणात कमी झाल्या नाहीत. एक व्यक्ती एक दिवस स्कीइंग करते, असे हजार दिवस मोजले तर साधारण २ ते ३ दुखापती होतात. त्यात सर्वाधिक दुखापती गुडघ्याच्या, आणि नवशिक्यांचे प्रमाण जास्त. आकडा ऐकून घाबरण्यासारखे काही नाही. पण ज्याच्या मांडीत ताकद नाही त्याचा गुडघा आधी जातो. तिकीट काढले त्याच दिवशी, म्हणजे निदान तीन महिने आधी, व्यायाम सुरू करा. भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखे बसणे, जिन्याच्या एका पायरीवर चढ-उतार, दात घासताना एका पायावर उभे राहणे. आठवड्यातून तीनदा हनुमान टेकडी चढा आणि उतरताना घाई करू नका. स्कीइंगमध्ये मांडीच्या स्नायूंवर जो ताण येतो तो उतरण्याच्या ताणाच्या जवळचा असतो. पहिले दोन दिवस शिकवणारा घ्या, पैसे वाचवायला मुलाकडून शिकू नका. हेल्मेट घाला. एवढे या भागापुरते पुरे.

आता औषधांचा डबा. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

आपल्या घरात औषधे कशी नेतात ते मला माहीत आहे. गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीने कापून, नाव असलेला भाग फेकून, रिकाम्या प्लास्टिकच्या डबीत. वर खोकल्याचे एक सिरप, सर्दीची एक पट्टी, शेजारच्या काकूंनी दिलेले चूर्ण, आणि “असू द्या” म्हणून झोपेच्या दहा गोळ्या. दिल्लीच्या प्रवासात याने काही बिघडत नाही. जपानचे औषधांचे कायदे मात्र कडक आहेत. सर्दी-नाक चोंदण्याच्या काही गोळ्यांमध्ये स्यूडोएफेड्रिन नावाचे औषध असते. त्याचे प्रमाण १० टक्क्यांपेक्षा जास्त असलेली गोळी जपानमध्ये नेता येत नाही, डॉक्टरची चिठ्ठी असली तरी नाही. कोडीन असलेली खोकल्याची आणि दुखण्याची औषधे ठरावीक प्रमाणापुढे अमली पदार्थात मोडतात आणि त्यांना आधी परवानगी लागते. भांग किंवा विजया असलेली आयुर्वेदिक औषधे नेऊच नका. अमेरिकेतून येणारी मुलगी आणि जावई परस्पर टोकियोला भेटणार असतील तर त्यांना दोन गोष्टी आवर्जून कळवा. नातवाला लक्ष लागत नाही म्हणून ॲम्फेटामिनची गोळी चालू असेल, तर ती अमेरिकेत कायदेशीर असली तरी जपानमध्ये बंद आहे. आणि तिकडच्या काही राज्यांत दुकानात मिळणाऱ्या गांजाच्या गोड गोळ्या चुकूनही बॅगेत राहू देऊ नका. यात अटक होऊ शकते, आणि ‘माहीत नव्हते’ हे उत्तर तिथे चालत नाही.

बीपी, शुगर, थायरॉईड, हृदयाची रोजची औषधे एक महिना पुरतील एवढी नेता येतात, इन्शुलिनची पेनही. त्यासाठी आधी परवानगी लागत नाही. मुलाकडे तीन महिने राहायला जाणार असाल आणि तेवढी औषधे न्यायची असतील, तर जपानच्या आरोग्य खात्याकडून ‘युन्यू काकुनिन-शो’ नावाचे प्रमाणपत्र आधी मिळवावे लागते. अर्ज ऑनलाइन होतो, पण परवा निघायचे असताना होत नाही. झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्या थोड्या प्रमाणात चालतात, तरी चिठ्ठी सोबत हवीच.

माझे सांगणे एवढेच की औषधे मूळ पट्टीत ठेवा, पट्टी कापू नका. डॉक्टरकडून एका कागदावर आजारांची नावे, औषधांची मूळ नावे आणि डोस इंग्रजीत टाइप करून घ्या. कंपनीचे नाव तिथल्या डॉक्टरला काही सांगत नाही, मूळ नाव सांगते. तोच कागद कस्टमला दाखवता येतो आणि वेळ पडली तर तिथल्या दवाखान्यातही. फिटनेस सर्टिफिकेटऐवजी हा कागद मागायला या, मी आनंदाने देतो. इन्शुलिन हातातल्या बॅगेत ठेवा. विमानाच्या पोटात ठेवलेल्या बॅगेत ते गोठू शकते, आणि एकदा गोठलेले इन्शुलिन वितळल्यावर नेहमीसारखे दिसले तरी त्याचा भरवसा नसतो. झोपेत श्वास अडकतो म्हणून मशीन वापरत असाल किंवा नेब्युलायझर नेत असाल तर त्यावर १०० व्होल्ट लिहिले आहे का ते बघा. जपानची वीज १०० व्होल्टची आहे आणि पिन चपट्या असतात.

विम्याच्या फॉर्मबद्दल मी जरा चिडूनच लिहितो. बहुतेक घरांत हा फॉर्म एजंट किंवा मुलगा भरतो. ‘मधुमेह आहे का’ यापुढे ‘नाही’ अशी खूण होते, कारण ‘हो’ म्हटले की हप्ता वाढतो किंवा तपासण्या मागतात. समजा निसेकोला हाड मोडले, किंवा छातीत दुखले आणि ॲडमिट झालात. तिथला डॉक्टर पहिला प्रश्न विचारणार, कोणते आजार आहेत? तिथे तुम्ही खरे सांगणार, सांगायलाच हवे. तो लिहून ठेवणार, ‘मधुमेह, १५ वर्षे’. विमा कंपनी पैसे देण्याआधी तेच कागद मागते. बिल येनमध्ये, आणि परदेशी रुग्णाला बिल अनेकदा स्वतःच आधी भरावे लागते. वर्ध्यातले अर्धे शेत विकून ते भरायचे का? हजार-दोन हजार रुपये वाचवायला हा जुगार मला पटत नाही.

आणखी एक. साध्या प्रवास-विम्यात स्कीइंग धरलेले असेलच असे नाही. हिवाळी किंवा साहसी खेळांसाठी वेगळी रक्कम भरून ते जोडावे लागते. त्यातही आखून दिलेल्या उताराबाहेर, दोरीच्या पलीकडे गेलात, किंवा दारू पिऊन पडलात, तर बहुतेक पॉलिसी हात वर करतात. दोरीची गोष्ट विम्यापुरती नाही. होक्काइडोचा बर्फ कोरडा आणि पिठासारखा असतो आणि तो फार पडतो. झाडाच्या खालच्या फांद्यांमुळे बुंध्याभोवती पोकळी राहते आणि वर मऊ बर्फ दिसतो. माणूस त्यात डोके खाली करून पडला की स्वतःहून निघता येत नाही, आणि गुदमरून माणसे गेली आहेत. दोरी तिथे उगाच बांधलेली नसते.

लोक विचारतात, “जपान कशाले, आपले गुलमर्ग काय वाईट आहे?” काहीच वाईट नाही. व्हिसा नको, भाषेची अडचण नाही, खर्च कमी, आणि भारतातले उत्तम उतार तिथे आहेत. पण डॉक्टर म्हणून विचाराल तर वर्ध्याहून पहिल्यांदा जाणाऱ्या पन्नाशीच्या माणसासाठी एका बाबतीत होक्काइडो सोपे आहे, आणि ती बाब म्हणजे उंची. निसेकोचा अन्नुपुरी डोंगर १,३०८ मीटर उंच आहे. जपानमधले बहुतेक स्की-उतार २,००० मीटरच्या आत आहेत. गुलमर्ग गावच साधारण २,६५० मीटरवर आहे आणि गोंडोलाचा दुसरा टप्पा तुम्हाला सुमारे ३,९५० मीटरवर नेऊन सोडतो. म्हणजे काल सकाळी वर्ध्यात चहा घेतलेला माणूस आज दुपारी लेहपेक्षा उंच जागी उभा असतो. डोके दुखणे, मळमळ, दम लागणे हे थंडीमुळे नसते, उंचीमुळे असते. गुलमर्गला जाणार असाल तर पहिल्याच दिवशी दुसऱ्या टप्प्यावर जाऊ नका, एक-दोन रात्री खाली काढा, आणि वर डोके दुखू लागले तर लगेच खाली या. तिथे विकत मिळणाऱ्या ऑक्सिजनच्या छोट्या डब्यांवर विसंबू नका. त्या काही मिनिटे पुरतात.

आणि आता ती गोष्ट, जी इतर ठिकाणच्या प्रवासाच्या लेखांत सापडणार नाही, कारण ती आपल्या भागाची आहे. सिकलसेल. विदर्भातल्या अनेक कुटुंबांत हा दोष आहे. ज्यांना पूर्ण आजार आहे, म्हणजे रिपोर्टवर ‘एसएस’ लिहिलेले आहे, त्यांना थंडी, पाणी कमी पडणे आणि थकवा या तिन्ही गोष्टींनी वेदनेचा झटका येऊ शकतो. स्कीइंगमध्ये तिन्ही एकत्र असतात. त्यांनी स्कीइंग करू नये असेच मी सांगेन, बर्फ गरम खोलीच्या खिडकीतून बघावा, आणि बाहेर पडले तरी थोडा वेळ, पुरते झाकून. ज्यांना फक्त वाहक म्हणतात, रिपोर्टवर ‘एएस’ असते, त्यांना इथे आयुष्यभर काहीही त्रास होत नाही. त्यामुळे त्यांना आपण वाहक आहोत याचा विसर पडतो, किंवा माहीतच नसते. पण मोठ्या उंचीवर वाहकालाही प्लीहेचा रक्तपुरवठा तुटून डाव्या बरगडीखाली जोरात दुखू शकते. निसेकोच्या उंचीवर ही भीती जवळपास नाही. गुलमर्गच्या वरच्या टप्प्यावर आहे.

२०२३ च्या जुलैमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, तपासण्या वाढल्या, कार्डे वाटली गेली. ती कार्डे घरोघरी कपाटात, कपड्यांच्या घड्यांखाली आहेत. मुलीचे लग्न मोडेल म्हणून. ही भीती मी रोज बघतो, आणि ती खोटी आहे असे म्हणायचे धाडस मला होत नाही. पण कॉलेजची मुले सहलीला गुलमर्गला जातात तेव्हा त्या मुलाला तरी आपला रिपोर्ट माहीत असावा. गावभर सांगू नका. शिकवणाऱ्याला आणि खोलीतल्या एका मित्राला सांगा. डाव्या बाजूला अचानक दुखले तर गॅस समजून थांबायचे नाही, खाली उतरायचे आणि दवाखान्यात ‘मी सिकल वाहक आहे’ हे पहिले वाक्य बोलायचे. ज्यांनी तपासणी केलेली नाही त्यांनी जवळच्या सरकारी दवाखान्यात करून घ्यावी. थोड्या रक्ताचे काम आहे.

हृदयाबद्दल. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, बीपी वाढते, आणि त्यातच माणूस अचानक मोठे श्रम करतो. स्कीइंग करताना येणारे हार्ट अटॅक पहिल्या एक-दोन दिवसांत आणि सवय नसलेल्यांना जास्त येतात, हे युरोपात दिसून आले आहे. माझी कसोटी साधी आहे. तीन मजले न थांबता, न बोलता नव्हे तर बोलत, चढता आले पाहिजेत. नाही जमले तर स्ट्रेस टेस्ट करून घ्या. सेवाग्राम, सावंगी, नागपूर, कुठेही जा. गेल्या सहा महिन्यांत अटॅक आलेल्याला मी सरळ नाही म्हणतो. रक्त पातळ करणारे वॉर्फरिनसारखे औषध घेणाऱ्यालाही. डोक्यावर पडला तर साधा मार जिवावर बेततो. ॲन्जिओप्लास्टीनंतर दोन गोळ्या चालू असतील तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नको, आणि गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करून तर अजिबात नको. ‘चार दिवसांसाठी बंद केल्या’ हे वाक्य माझ्या अंगावर काटा आणते.

मधुमेह असलेल्यांनी स्कीइंग करू नये असे मी म्हणत नाही. नीट तयारीने अनेक जण करतात. पण दिवसभर श्रम, भूक लागल्याचे कळत नाही, आणि जेवण कधी मिळेल ते ठरलेले नसते. शाकाहाऱ्यांचा प्रश्न त्याहून अवघड. जपानमध्ये भाजीच्या सूपातही बहुधा माशाचा अर्क असतो, मग माणूस अर्धपोटी राहतो. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीवर किंवा इन्शुलिनवर असाल तर शुगर घसरते. शुगर घसरल्यावर अंग थरथरते, आणि थंडीनेही थरथरते. शेजारच्याला फरक कळत नाही. म्हणून सोबतच्याला सांगून ठेवा, खिशात साखर ठेवा, आणि स्कीइंगच्या दिवसांसाठी डोस किती कमी करायचा ते आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या घेणाऱ्यांनी तर नक्की विचारा. पोट रिकामे आणि अंगात पाणी कमी असताना त्या वेगळाच त्रास करू शकतात. शुगर तपासायचे मशीन गारठले की चुकते किंवा बंद पडते. ते, इन्शुलिन पेन आणि दम्याचा पंप, तिन्ही जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा.

मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असेल तर भाड्याचा घट्ट बूट कुठे चावतो ते कळत नाही आणि बोटे गारठून पांढरी पडली तरी कळत नाही. दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा मोजे काढून पाय डोळ्यांनी बघायचे. हीच गोष्ट लागू होते ओन्सेनला, म्हणजे तिथल्या गरम पाण्याच्या कुंडांना. किनवटजवळच्या उनकेश्वरच्या कुंडात पाय बुडवून आलेले लोक म्हणतात, त्यात काय, आम्हाला सवय आहे. ओन्सेनचे पाणी बहुधा ४० ते ४२ अंश असते आणि त्यात गळ्यापर्यंत बसायचे असते. बाहेर उणे तापमान, अंगात दिवसभराचा थकवा, पाणी प्यायलेले नाही, बीपीची गोळी घेतलेली, वर कोणी आग्रहाने साके दिलेली. रक्तवाहिन्या एकदम सैल होतात आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनसारखी गोळी घेणाऱ्यांना हे जास्त होते. खुद्द जपानमध्ये हिवाळ्यात गरम पाण्याच्या टबात म्हाताऱ्या माणसांचे मृत्यू होणे ही जुनी काळजीची बाब आहे. दहा मिनिटे बसा, एकटे जाऊ नका, दारूनंतर नाही, आणि कठडा धरून हळू उठा. पाय बधिर असलेल्यांनी पाणी आधी कोपराने बघावे.

कपड्यांबद्दल दोनच ओळी. आतून सुती बनियन नको, ते घामाने ओले होते आणि मग अंग गार पडते. आणि गॉगल विसरू नका. ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण फार मोठ्या प्रमाणात परत फेकतो. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते, ढगाळ दिवसानंतरही.

माझ्या या सगळ्या म्हणण्यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. “सगळे खरे सांगितले तर डॉक्टरसाहेब, आम्हाले कोणी जाऊच देणार नाही. विमा महाग, शिकवणारा घाबरणार, मुलं म्हणतील बाबा तुम्ही हॉटेलात बसा.” पहिल्या भागाला माझे उत्तर असे की वाढलेला हप्ता हा त्या सहलीचाच खर्च आहे, विमानाच्या तिकिटासारखा. तो परवडत नसेल तर स्कीइंग वगळून साधा विमा काढा आणि बर्फ नुसता बघा. दुसरा भाग अधिक कठीण आहे. वडिलांनी आजार लपवला तर मुलांच्या समोर म्हातारे न दिसण्याचे चार दिवस मिळतात, हे मला कळते. पण माझा अनुभव असा की मुलांना आधी कळले तर ती सहल बदलतात, रद्द करत नाहीत. दिवसाला दोन तास उतार, उरलेला वेळ बर्फात चालणे, नातवाला घसरगाडीवर बसवणे. बाबांना हॉटेलात एकटे बसवून जाणारी मुले मी फार पाहिलेली नाहीत. न सांगता तिथे पोचलेल्या वडिलांच्या मागे पळणारी मात्र पाहिली आहेत. जपानमध्ये ॲम्ब्युलन्ससाठी ११९ लावतात, हा आकडा घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये घालून ठेवा.

परत येतानाची एक गोष्ट राहिली. निसेकोहून वर्ध्यापर्यंत बस, दोन-तीन विमाने आणि नागपूरहून गाडी असा दीड दिवस जातो. पायाला पूर्ण प्लास्टर घातले असेल तर लांबच्या विमानप्रवासाआधी साधारण ४८ तास थांबावे लागते, किंवा प्लास्टर लांबीत चिरून घ्यावे लागते, कारण आत सूज वाढली तर रक्तपुरवठा दाबला जातो. विमान कंपन्या यासाठी तिथल्या डॉक्टरचे पत्र मागतात, ते इंग्रजीत घ्या. गुठळी होऊ नये म्हणून इंजेक्शन लागेल का, हेही त्यांनाच विचारा. आणि घरी आल्यावर पंधरा-वीस दिवसांत पोटरी एका बाजूने सुजली, दुखली किंवा अचानक दम लागला, तर प्रवासाचा शीण समजू नका. त्याच दिवशी दाखवा, आणि विमानाने आलो हे सांगा.